आधी हेड पूस

कापसाच्या बोळ्यावर तपकिरी रेघ उमटली होती. चाचांनी तो बोळा माझ्या नाकासमोर धरला.

"ह्ये काय हाय?"

"घाण."

"घाण न्हवं. गाणं हाय. तुझ्या टेपनं खाल्लेलं."

१९९८चा पावसाळा, गाव मिरज. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींवर माझं मत तयार होतं. त्या दिवशीचं मत ए. आर. रहमानबद्दल होतं. 'दिल से'ची नवीकोरी कॅसेट शिकवणीच्या पैशांतून घेतली, रात्री ऐकली आणि सकाळी कट्ट्यावर निकाल देऊन टाकला : रहमान संपला. 'रोजा'तली ती लख्ख सफाई गेली, आता नुसता गाळ. आवाज गोधडीखालून आल्यासारखा. चाचांच्या दुकानात मात्र मी गेलो होतो ते वेगळ्याच कामाला. आमच्या टू-इन-वनचं कॅसेटचं दार नीट लागत नव्हतं. ते काम चालू असताना मी त्यांनाही माझं मत ऐकवलं, "नवी कॅसेट ऐकली का चाचा? बकवास आहे."

चाचांनी दार बाजूला ठेवलं, स्पिरिटची बाटली उघडली आणि काडीला कापूस गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "आधी हेड पूस. मग बोल."

कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी, रुंदी जेमतेम ३.८१ मिलिमीटर. तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडची पूड बसवलेली. आपल्या घरगुती भाषेत गंजच तो. हा गंज सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगानं टेपच्या हेडवरून घासत जातो आणि जाता जाता थोडा तिथंच चिकटतो. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी जवळपास ९० मीटर फीत. आमच्या घरात सकाळी अभंग, दुपारी आईची नाट्यगीतं आणि रात्री माझी सिनेमाची गाणी, म्हणजे वर्षाकाठी किती किलोमीटर गंज त्या हेडवरून गेला असेल ते कुणी मोजलं नव्हतं, आणि हेडही कुणी पुसलं नव्हतं. थर साचला की फीत आणि हेड यांच्यात केसाहून बारीक फट पडते. त्या फटीत सगळ्यांत आधी बुडतात ते वरचे, बारीक आवाज. खालचे जाडे आवाज येतच राहतात. त्यामुळं टेप बिघडलाय असं कुणाला वाटत नाही. गाणंच वाईट आहे असं वाटतं.

हेड पुसून झाल्यावर चाचांनी माझी कॅसेट आत घातली, बारका स्क्रूड्रायव्हर घेतला आणि हेडच्या बाजूचा एक इवलासा स्क्रू, गाणं चालू असतानाच, केसभर इकडे केसभर तिकडे फिरवायला सुरुवात केली. डोळे मिटलेले, कान स्पीकरला लावलेला. "ह्येची जवारी काढतोय," ते म्हणाले.

मिरजेच्या माणसाला जवारी समजावून सांगावी लागत नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीनं घासत, तारेखाली सूत सरकवत कारागीर एक अशी जागा शोधतो, जिथं तार नुसती वाजत नाही तर बोलते; एका सुरातून वरचे चार सूर झिरपायला लागतात. चाचा सतारमेकरांच्या घरातले. थोरल्या भावांच्या हाती भोपळे आणि तुणीचं लाकूड आलं. हे धाकटे. रेडिओच्या नादी लागून वेगळे झाले आणि स्टेशनकडून दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. दुकान म्हणजे एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न आणि पोटं फाडून ठेवलेले पंधरा-वीस टेप. पण कान घरचाच होता.

मग त्यांनी मला 'जिया जले' लावून दिलं. लता मंगेशकरांचा आवाज आदल्या रात्रीही ऐकू आलाच होता. पण मधला तो मल्याळम कोरस मला नुसता घोळक्याचा गलका वाटला होता. आता त्यातलं अक्षर न् अक्षर सुटं झालं. मल्याळमचा एक शब्द मला कळत नव्हता, पण व्यंजनं मोजून देता आली असती. 'छैय्या छैय्या'त सपना अवस्थींच्या आवाजाला धार होती, ती मला आधी ऐकूच आली नव्हती. सुखविंदरसिंगच्या एकट्याच्या जिवावर मी त्या गाण्याला पास केलं होतं.

"आता बोल," चाचा म्हणाले.

मला बोलता येईना. कट्ट्यावर जाऊन निकाल मागे घ्यायचा, याच विचारानं कान तापले होते.

"किती झाले?" मी खिशात हात घातला.

"दाराचे धा. हेडचे न्हाईत. हेडचं असं कर, ही कॅसेट पुरी ऐक, दोन्ही बाजू, आन् येऊन मला सांग." मग जरा थांबून म्हणाले, "दिसभर गाणी माझ्या कानावरनं जात्यात, पर पुरं एक न्हाई. आवाज आला की बटण बंद. म्होरला टेप."

हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. दुरुस्तीवाल्याच्या वाट्याला प्रत्येक गाण्याचे दहा सेकंद येतात. मुखडा धड लागला की त्याचं काम संपतं. अंतरा गिऱ्हाईक आपल्या घरी जाऊन ऐकतं. गावातल्या सगळ्यांना अंतऱ्यापर्यंत पोचवणारा हा माणूस स्वतः वर्षानुवर्षं मुखड्यावरच उभा होता.

असा आमचा व्यवहार ठरला. मी नवी कॅसेट ऐकायची, दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून त्यांना तिचा अंतरा सांगायचा. त्या बदल्यात माझ्या टेपच्या हेडचा हिशेब कायमचा माफ.

त्याच सुमारास 'गारवा' हातात पडला. मिलिंद इंगळे यांचं संगीत आणि आवाज, सौमित्र यांचे शब्द. सिनेमा नाही, नाटक नाही. चार भिंतींत बसून पावसावर मराठीत गाणी करायची आणि ती तरुण पोरांनी विकत घ्यायची, ही गोष्टच आमच्या वर्गाला नवी होती. माझ्या हॉस्टेलवरच्या मित्रांनी तर ती कॅसेट इतकी फिरवली की कुणाची कुणाकडे आहे याचा पत्ता लागेना. मी ऐकली आणि पायरीवर येऊन बसलो. गाणी छान आहेत, म्हणालो. चाल साधी आहे, गिटार छान आहे, आवाज मित्राचा वाटतो.

"आन् दोन गाण्यांच्या मधी काय हाय?"

"मधे कविता म्हटल्यात. बोलणं आहे नुसतं. मी पुढं पळवलं."

चाचांनी मान हलवली. "दर्ग्यात उरुसाला गवई तंबोरा मिळवायला येळ घेतो, तवा तू उठून च्याला जातोस न्हवं?"

जात होतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणात दर्ग्यात रात्र-रात्र गाणं चालतं, आणि दोन गवयांच्या मधल्या वेळात आम्ही पोरं चहाच्या गाड्यावर असायचो. परत येईपर्यंत बडा ख्याल सुरू झालेला असायचा, आणि गवई एकदम मोठ्यांदा का गायला लागला असं आम्हाला वाटायचं. सूर आधी बसतो, मग आवाज उठतो. बसतानाचा भाग आम्ही दर वेळी चहात बुडवायचो.

'गारवा' मी पुन्हा ऐकला. या वेळी बटणाला हात न लावता. बाहेर पाऊस, दिवे गेलेले, टेप सेलवर. कविता सावकाश बोलली जाते, बोलणाऱ्याला कसलीही घाई नसते, आणि ती संपता संपता गाणं जिथून सुरू होतं तिथं आपण आधीच येऊन बसलेलो असतो. पळवून ऐकताना जे गाणं मला नुसतं गोड वाटलं होतं, ते आता कुणाचं तरी होतं. मी तसं चाचांना सांगितलं. मात्र चौथ्यांदा ऐकताना आणखी एक गोष्ट जाणवली होती, ती सांगू की नको असं होत होतं. अखेर भीत भीत म्हणालो, "पण चाचा, काही ठिकाणी जरा जास्तच हळवं होतं. पाऊस म्हटला की आठवण, आठवण म्हटली की ती. पुढं काय येणार ते आधी कळतं."

मला वाटलं, आता पुन्हा कापूस निघणार. चाचा हसले. "हेड पुसलंस, पट्टी पुरी ऐकलीस. आता बी खरखर ऐकू आली तर ती टेपातच हाय. मग भ्यायचं न्हाई. सांगायचं."

आज पंचवीसेक वर्षं मी नव्या अल्बमवर, नव्या सिनेमांवर लिहितोय. समीक्षेची पुस्तकं नंतर वाचली, थोरामोठ्यांची व्याख्यानं ऐकली. पण त्या दोन वाक्यांपलीकडचं फारसं काही माझ्या हाती लागलेलं नाही. एक वाक्य उतावळ्याला आवरणारं, दुसरं भित्र्याला उठवणारं. मी दोन्ही होतो.

त्याच वर्षी 'सत्या' आला. मुंबईत ३ जुलैला लागला. आमच्याकडे पोचेपर्यंत त्याची कीर्ती आधी येऊन बसली होती. रामगोपाल वर्माचा सिनेमा, गाणी विशाल भारद्वाजची, शब्द गुलजारचे. म्हणजे एकाच पावसाळ्यात गुलजारचे दोन अवतार आमच्या टेपवर : 'दिल से'मधला तो सुफी, तलम गुलजार आणि 'सत्या'त दारू पिऊन भेज्याची भाषा करणारा हा. कॅसेट ऐकून मी फारसा खूश नव्हतो. सिनेमा पाहून तर माझं मत आणखी पक्कं झालं. चाचांना मी जवळजवळ ओढत सहा ते नऊला नेलं. कैक वर्षांत ते थेटरात गेले नव्हते.

मला तो सिनेमा धाडकन लागला होता. भिकू म्हात्रे नावाचा गुंड आमच्याच आडनावांतला, आमच्याच भाषेचा हेल असलेला. समुद्राकाठच्या खडकावर उभा राहून मुंबईला आव्हान देतो तेव्हा मनोज बाजपेयी नावाचा नट दिसतच नाही. थेटरमध्ये 'बॉर्डर' चालू असताना गोळी सुटते आणि चेंगराचेंगरी होते, तो प्रसंग आम्हीही थेटरमध्येच बसून पाहत होतो. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं मागे वळून दाराकडे पाहिलं, ते मला आजही आठवतं. संदीप चौटाचं पार्श्वसंगीत मनगट धरून ओढत नेतं. आणि एवढं सगळं चालू असताना मधेच गाणी. मी सायकल हातात धरून चालता चालता निकाल दिला, "सगळी गाणी काढून टाकायला हवी होती."

चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "समदी?"

"सगळी."

"मग त्या भिकूच्या बायकोनं हसायचं कुठं?"

मी थांबलो. लग्नातलं ते 'सपने में मिलती है'. आशा भोसले आणि सुरेश वाडकर यांचे आवाज, आणि पडद्यावर शेफालीची प्यारी मोकळेपणी नाचतेय, भिकू तिच्या भोवती. पुढं त्या बाईच्या वाट्याला जे येतं ते अंगावर येतं, कारण तिला आपण त्या चार मिनिटांत नांदताना पाहिलेलं असतं. चाचांनी एकाच प्रश्नात माझ्या 'सगळी' या शब्दाचा कणा मोडला.

पण मी हटलो नाही. प्यारीचं गाणं ठेवा, म्हणालो. भेज्याचंही ठेवा, ती टोळी एकमेकांवर जीव लावते हे त्यातूनच कळतं. पण सत्या आणि विद्या यांची प्रेमाची गाणी मात्र दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमातून चुकून इथं आल्यासारखी वाटतात. ती ऐकायला सुरेल असतील, पण पडद्यावर ती आली की मुंबई गायब होते.

चाचांना ते पटलं नाही. लताबाईंचं गाणं काढा म्हणणाऱ्याशी काय बोलायचं, असा त्यांचा चेहरा झाला. तरी दर्ग्याच्या कोपऱ्यावर निरोप घेताना म्हणाले, "तुझं तू ठेव. माझं मी ठेवतो. उद्या ये."

ते मत मी आजही ठेवलंय. कुणी आपल्याशी सहमत नसतानाही दुसऱ्या दिवशी पायरीवर जागा शाबूत असते, हे मला तिथं कळलं.

आता ज्याची लाज वाटते ते. पुढं पुण्यात एका साप्ताहिकात मला नव्या अल्बमचं सदर मिळालं. तोवर कॅसेट मागे पडून सीडी आली होती. हेड नाही, पूस नाही, जवारी नाही. मीही जरा हवेत गेलो होतो. एका नवख्या गायिकेचा भावगीतांचा अल्बम आला. मजकूर संध्याकाळी सहाला द्यायचा होता. ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावलेल्या, खेळण्यातल्यासारख्या प्लॅस्टिकच्या स्पीकरवर मी तो दोनदा नव्हे, एकदाच ऐकला. तोही शेजारी क्रिकेटची मॅच चालू असताना. आवाज सपाट आहे, असं लिहिलं. त्यावर एक कोटी केली. ती लोकांना आवडली. दोघातिघांनी फोन करून ती मला परत ऐकवली.

त्या दिवाळीत मिरजेला गेलो. चाचांच्या टेबलावर आता टेपऐवजी सीडी प्लेअर उघडे पडलेले. माझं सदर ते कुणाकडून तरी मागून वाचत असत. चहा झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ती पोरगी कशावर ऐकलीस?"

मी सांगितलं.

"बरं," ते म्हणाले आणि सोल्डरिंगवर वाकले.

ते 'बरं' माझ्या मानेवर बसलं. काही वर्षांनी एका मित्राच्या गाडीतून रात्री महामार्गावरून येताना एक आवाज लागला. मधल्या पट्टीत किंचित खरबरीत आणि वर जाताना विणीतून धागा निघावा तसा सुटा होणारा. कोण ही, म्हणून विचारलं. तीच. तोच अल्बम. मी ज्याला सपाट म्हटलं होतं, ते त्या स्पीकरांनी खाल्लं होतं. पुढं दुसऱ्या एका लेखात मी तसं कबूल केलं, पण माफीला कोटीइतके वाचक मिळत नाहीत. तिचा दुसरा अल्बम आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तो माझ्यामुळं आला नाही असं मानण्याइतकी माझ्या लेखणीला किंमत नाही. पण तिच्या वाटेत जे खडे पडले असतील त्यांत एक माझा होता, एवढं नक्की. हे देणं फिटलेलं नाही, आणि आता फेडायचं कुठं तेही माहीत नाही.

२०२२च्या एप्रिलमध्ये 'मी वसंतराव' लागला. निपुण धर्माधिकारींचा सिनेमा, वसंतराव देशपांड्यांच्या भूमिकेत त्यांचा नातू राहुल देशपांडे, आणि संगीतही त्याचंच. मला तो आवडला. लांबला असं वाटूनही आवडला. ज्या गायकाला कित्येक वर्षं सरकारी हिशेबखात्यात नोकरी करत गावं लागलं, त्याच्या गोष्टीत थोडा कागदांचा कंटाळा हवाच. अनिता दातेनं केलेली आई तर सिनेमाभर एखाद्या तंबोऱ्यासारखी मागे उभी राहते. ती पडद्यावर नसतानाही तिचा षड्ज चालू असतो. असं काही मनात जुळवत मी सुट्टीत मिरजेला गेलो, आणि गाणी हेडफोनवर घेऊन चाचांकडे.

दुकान आता मुलगा चालवतो. मोबाइलच्या काचा बदलतो. चाचा ऐंशीच्या घरात, आत कॉटवर बसलेले. मी हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवला आणि रागदारीचं एक गाणं लावलं. मागे दोन तंबोरे. चाचांनी जुन्या सवयीनं डोळे मिटले. मी वाट पाहत होतो. या घरातला माणूस जवारीवर काय बोलतो, ते मला ऐकायचं होतं.

गाणं पुरं झालं. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"कसं वाटलं चाचा?"

"माझं मत घेऊ नगंस."

"का?"

"निम्मंच ऐकू आलं." त्यांनी कानाला बोट लावलं. "वरचे सूर जाऊन दोन वर्षं झाली. खालचं समदं येतंय. टेपचं हेड झिजलं की असंच हुतंय न्हवं? पुसून भागत न्हाई." हे सांगताना आवाजात कसलीही तक्रार नव्हती, गिऱ्हाइकाला मशीनची अवस्था सांगावी तसं ते बोलले. मग हेडफोन माझ्याकडे सरकवला. "तू ऐक. तंबोऱ्यात वर काय बोलतंय त्ये सांग."

मी हेडफोन घातला. पहिल्यापासून लावलं. पंचम छेडला गेला, मग जोड, मग खर्ज. खर्ज विरत जाताना त्याच्या डोक्यावर एक बारीक गंधार हळूच उगवला, मधमाशी दुरून जवळ यावी तसा. मी बटणाला हात न लावता ऐकत राहिलो आणि चाचांच्या कानाशी वाकून, मोठ्यांदा, एकेक करून सांगायला लागलो.